लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती; आता काहीच त्रास नसेल, तर तपासणी आणि जिमबाबत काय करावे?

‘काहीच त्रास नसेल तर’ हे तुमचे शब्द वाचून लिहायला बसलो, कारण माझ्या वडिलांनी मला हेच 27 वर्षे ऐकवले आहे.

टेट्रालॉजी ऑफ फॅलो या जन्मजात हृदयदोषासाठी माझी शस्त्रक्रिया चौथ्या वर्षी झाली. छिद्र बुजवले आणि फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट पॅच लावून रुंद केली. असा पॅच झडपेच्या कड्यापलीकडे न्यावा लागला, की झडप गळू लागते आणि उलटे येणारे रक्त सोसत उजवा कप्पा वर्षानुवर्षे मुकाट्याने फुगत राहतो. तेव्हा त्रास जाणवत नाही यावर विसंबणे हा माझ्या मते शुद्ध मूर्खपणा आहे.

एकतिसाव्या वर्षी जिना चढताना छाती अशी धडधडली, की कठडा धरून खाली बसलो. वडील म्हणाले, जागरणे कमी कर. डॉक्टरांनी मात्र ईसीजीच्या कागदावरचे चौकोन पेनाच्या टोकाने दोनदा मोजले आणि जुने कागद मागितले. क्यूआरएस, म्हणजे विजेचा संदेश हृदयाच्या खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ, 180 मिलिसेकंदांच्या पुढे गेला, की आमच्यासारख्यांना घातक अनियमित ठोक्यांचा धोका वाढतो. माझा गेला होता. कागद माझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकाखाली सापडले. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी निळ्या शाईत लिहिले होते, ‘दर वर्षी तपासणी आवश्यक’. वडिलांनी चष्मा पुसला, ती ओळ वाचली आणि म्हणाले, ‘हे सगळ्यांनाच लिहून देतात.’ पुढच्या वर्षी माझी झडप बदलली.

म्हणून आधी शस्त्रक्रियेच्या नोंदी स्वतःच्या ताब्यात घ्या, घरचे ‘आता कशाला’ म्हणाले तरी; आणि प्रौढांमधील जन्मजात हृदयविकार पाहणाराच तज्ज्ञ गाठा. इकोत उजवा कप्पा नीट मोजता येत नाही, त्यामुळे एमआरआय लागेल का, हेही विचारा. जिमचे त्यानंतर बघू.

तुम्ही शस्त्रक्रियेचे नाव लिहिलेले नाही. साधेच छिद्र असेल आणि ते वेळेवर पूर्ण बंद झाले असेल, तर यातले बरेचसे तुम्हाला लागू नसेल. शिवाय मी रुग्ण आहे, डॉक्टर नाही.

माझ्या तपासणीची तारीख आता वडीलच कॅलेंडरवर लिहितात, पण ‘सगळ्यांनाच लिहून देतात’ हे म्हणणे त्यांनी अजून मागे घेतलेले नाही.