उष्णतेचं नव्हे, पिशवीच्या अस्तराचं दुखणं

‘ताई, माझं वय २९, सासर कागल तालुक्यात. गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. पिशवी साफ करायचं क्युरेटिंग झालं, आत थोडं राहिलं म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा केलं. तेव्हापासून पाळी म्हणजे एक दिवस नुसता डाग, पण ओटीपोटात कळा मात्र येतात. हार्मोनचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. पाळीच्या गोळ्यांनीही फरक नाही. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे, सब्जा पी. आता नवसाचं चाललंय. हे म्हणतात, तुझं तू बघ. दिवस राहत नाहीत. माझ्यात काय कमी आहे?’

अगं, तो शेवटचा प्रश्न आधी डोक्यातून काढ. सब्जा पी हवा तर, उन्हाळ्यात बरं वाटतं. पण त्याने तुझी पाळी सुधारायची नाही.

पाळी कधी आटली ते तूच लिहिलंयस: दुसऱ्या क्युरेटिंगनंतर. गर्भपिशवीच्या अस्तराचा वरचा थर दर महिन्याला जातो आणि खालच्या थरातून पुन्हा तयार होतो. गरोदरपणानंतर पिशवी मऊ असते. तेव्हा खरवडताना तो खालचा थर दुखावला, तर तिथे व्रण धरतो आणि समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. मग हार्मोन वेळेवर येऊनही अस्तर वाढायला जागाच उरत नाही. तोंडाशी चिकटलं असेल तर रक्त आत अडतं आणि कळा येतात. गर्भ रुजत नाही किंवा रुजला तरी टिकत नाही, तेही यामुळेच. याला ॲशरमन सिंड्रोम म्हणतात, डॉ. जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ मध्ये यावर लिहिलं. तुला हेच आहे असं मी पत्रावरून सांगू शकत नाही, पण आधी शोधायचं ते हेच. आणि डॉक्टरांवर लगेच राग धरू नकोस. आत राहिलेलं काढावंच लागतं, आणि सांभाळून केलं तरी असं होऊ शकतं.

साध्या सोनोग्राफीत हे कित्येकदा दिसत नाही. खात्रीची तपासणी म्हणजे हिस्टेरोस्कोपी. बारीक दुर्बीण खालूनच आत जाते, पोटावर टाका नाही. चिकटलेलं दिसलं तर त्यातूनच बारीक कात्रीने सोडवतात. त्याच वेळी अस्तराचा तुकडा टीबीच्या तपासणीला पाठवायला सांग. आपल्याकडे पिशवीच्या टीबीनेही अगदी असंच होतं, खोकला नसला तरी. टीबी निघालाच तर आधी त्याचा कोर्स. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, कोल्हापुरातल्या आपल्या सीपीआर रुग्णालयातही. ‘पुन्हा एकदा क्युरेटिंग करून बघू’ असं कुणी म्हणालं तर मात्र हो म्हणू नकोस.

कोल्हापुरात येशील तेव्हा डॉक्टरांना सरळ विचार: हे ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का? नंतर पुन्हा चिकटू नये म्हणून काय करता? बरेच डॉक्टर अस्तर वाढवणाऱ्या इस्ट्रोजेन हार्मोनच्या गोळ्या देतात, काही जण थोडे दिवस आत छोटा फुगा ठेवतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीतून बघतात. खूप चिकटलेलं असेल तर एकदा सोडवून भागत नाही, ही तयारी ठेव. थोडंच असेल तर पाळी सुधारण्याची आणि दिवस राहण्याची आशा चांगली असते. दोन्ही क्युरेटिंगचे कागद सोबत ने.

आता तुझे ‘हे’. त्यांची वीर्यतपासणी झाली का? पत्रात एक शब्द नाही. ती सगळ्यात सोपी आणि स्वस्त तपासणी. ती न करता बायकोला ऑपरेशन टेबलावर पाठवायचं, हे मला पटत नाही. सासूबाईंना समजवायचं कामही त्यांचंच, तुझं नव्हे. नवस बोलायला दोघं जाताच ना, मग दवाखान्यातही दोघांनीच जायचं.

पुढे दिवस राहिले की पहिल्याच भेटीत हा सगळा इतिहास डॉक्टरांना सांग. अशा पिशवीत वार (प्लॅसेंटा) खोल चिकटण्याचा धोका असतो. म्हणून सोनोग्राफीत वार कुठे आहे ते नीट बघायला लावायचं आणि बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच करायचं.