फाशी 'कायम केली' का 'कायम ठेवली'?

प्रश्न असा आलाय की पेपरात कधी 'हायकोर्टाने फाशी कायम केली' छापतात, कधी 'कायम ठेवली', मग दोन्ही एकच ना? बोलताना चालतं, कोणी अडवत नाही. पण मला विचाराल तर फरक आहे, आणि आपल्या रोजच्या मराठीत तो आधीपासूनच आहे.

नोकरीचं बघा. 'दोन वर्षं टेंपररी होता, आता कायम केला' म्हणजे आधी कच्चा होता तो पक्का झाला. 'कायम ठेवला' म्हणजे आधीच पक्का होता, कोणीतरी काढायला बघत होतं पण नाही काढला. फाशीचं अगदी हेच आहे. सेशन्स कोर्टाने दिलेली फाशी कच्चीच असते, आरोपीने अपील करो वा न करो, केस हायकोर्टात पाठवावीच लागते आणि हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती देता येत नाही (जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम ३६६, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ४०७). जन्मठेप, सक्तमजुरी वगैरेला असलं काही नाही, ती पहिल्या दिवसापासून पक्की, म्हणून तिथे अपिलात 'कायम ठेवली' हेच बरोबर.

२६/११ च्या मुंबई हल्ल्यातल्या कसाबच्या केसमध्ये दोन्ही सापडतात. स्पेशल कोर्टाने मे २०१० मध्ये फाशी सुनावली, मुंबई हायकोर्टाने फेब्रुवारी २०११ ला ती कायम केली, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम ठेवली. उलट मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्काराच्या केसमध्ये नोव्हेंबर २०२१ ला हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केलीच नाही, मरेपर्यंत जन्मठेप दिली. तेव्हा लोक 'सुटले की काय' म्हणत होते, पण दोषी ते दोषीच राहिले, बदलली फक्त शिक्षा. दोषसिद्धी (गुन्हा सिद्ध होणं) वेगळी, शिक्षा वेगळी, आणि हेडलाइनवाले हे दोन्ही एकाच 'निकाल' शब्दात कोंबतात ते मला जास्त खटकतं.

आणि 'शिक्षेला स्थगिती' वाचून कोणी पेढे वाटू नका हो, तिथे काहीच रद्द झालेलं नसतं, अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवलेली असते एवढंच. 'रद्द' म्हणजे मात्र खरंच गेली.