अमेरिकेतल्या शिकागोचं हल हाऊस हे समाजसेवेचं केंद्र म्हणजे नुसता दानधर्म होता का?
नाही, गरिबांच्या वस्तीत राहून त्यांचे प्रश्न कायद्यापर्यंत नेणं हे हल हाऊसचं खरं काम. ते सुरू करणाऱ्या जेन अ‍ॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार १८८९ मध्ये तिथे हॉल्स्टेड स्ट्रीटवर राहायलाच गेल्या. बालवाडी, न्हाणीघर, स्थलांतरितांसाठी वर्ग हे तर झालंच. पण कचरा उचलला जात नाही म्हणून अ‍ॅडम्स १८९५ मध्ये स्वतः वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या आणि भल्या पहाटे गाड्यांमागे फिरल्या! तिथेच राहणाऱ्या फ्लोरेन्स केली यांनी घरोघरच्या शिवणकामाच्या कोंदट खोल्या पाहिल्या. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयच्या १८९३ च्या कारखाना कायद्यामागे त्यांचा मोठा हात होता. त्याने १४ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी आली, बायकांना आठच तास काम ठरलं. मात्र आठ तासांचं कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये रद्द केलं.