फोटो कॅनव्हासवर उतरवताना : वाचकांचे प्रश्न

कागदावर छापलेला फोटो जेल मीडियमच्या (वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या दाट अॅक्रिलिक जेलच्या) साहाय्याने कॅनव्हासवर कसा उतरवायचा, याबद्दल आलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे. यात प्रिंट जेलवर पालथा चिकटवतात आणि वाळल्यावर कागद भिजवून, चोळून काढतात; चित्र जेलवर राहते.

प्रश्न : घरात आजी-आजोबांचा स्टुडिओत काढलेला जुना फोटो आहे. तोच थेट कॅनव्हासवर चिकटवून उतरवता येईल का?

नाही, आणि करूनही पाहू नका. स्टुडिओच्या फोटोत चित्र असते ते जिलेटिनच्या थरात. शिवाय अलीकडच्या फोटोपेपरला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि कागद सुटत नाही. चित्र उतरणार नाहीच, मूळ फोटो मात्र हातचा जाईल. तो स्कॅन करा. 10 × 15 सेंमीचा फोटो 600 डीपीआयला (दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला, तर 20 × 30 सेंमीपर्यंत मोठा करूनही चांगला दिसतो. मग साध्या, 70-80 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला 70-80 ग्रॅम वजनाच्या) कागदावर त्याचा लेझर प्रिंट घ्या. जाड किंवा चकचकीत कागद नको.

प्रश्न : घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेला फोटो वापरला. कागद ओला करताच सगळा रंग पसरला. कुठे चुकले?

प्रिंटर चुकला. घरगुती इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते आणि ती कागदाच्या तंतूंत मुरते. लेझर प्रिंटरचा किंवा झेरॉक्स मशीनचा टोनर म्हणजे प्लास्टिकची रंगीत पूड. उष्णतेने वितळून ती कागदाच्या वर बसते. जेल तिला धरून ठेवते, पाण्याने ती हलत नाही आणि खालचा कागद भिजवून काढता येतो. ही सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे. प्रिंट कशाचा आहे ही शंका असेल तर कोपऱ्यावर ओले बोट फिरवा. रंग बोटाला लागला तर तो प्रिंट बाजूला ठेवा.

प्रश्न : जेल किती लावायचे आणि किती वेळ वाळवायचे?

20 × 25 सेंमीच्या कॅनव्हासला साधारण एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिली पुरते. जेल कॅनव्हासवर लावा आणि रुंद, चपट्या ब्रशने आधी आडवे, मग उभे पसरवा. वीण जेमतेम झाकली गेली पाहिजे. त्याहून पातळ थरात कागद जागोजागी धरत नाही. फार जाड झाला तर कागद ठेवताच घसरतो आणि कडेने जेल बाहेर येते.

लाकडी चौकटीवर ताणलेला कॅनव्हास असेल तर कृतीआधी त्याच्या पोकळीत मागून पुस्तक किंवा पुठ्ठ्यांची चवड बसवा. आधार नसला की दाबताना कापड खाली जाते आणि चौकटीच्या कडेचा वळ चित्रावर उमटतो.

कागद छापील बाजू खाली करून ठेवा. जुन्या प्लास्टिक कार्डाने मधून कडेकडे हवा काढत जा. कार्डाला लागलेले जेल दर वेळी पुसा, नाहीतर ते कागदाच्या पाठीवर लागते आणि तेवढ्या भागात पुढे पाणीच शिरत नाही. हात चालवा, कारण ओला कागद फुगतो आणि रेंगाळलात की सुरकुत्या पडतात. मग रात्रभर, दमट हवेत पूर्ण 24 तास वाळू द्या. ड्रायरने घाई केली तर कडा वाळतात आणि मधले जेल ओलेच राहते.

प्रश्न : कागद काढल्यावर चित्र छान दिसत होते, वाळल्यावर पांढुरके झाले.

ती पांढुरकी झाक म्हणजे उरलेले कागदाचे तंतू. ओले असताना ते पारदर्शक होतात म्हणून दिसत नाहीत. बहुतेक चित्रे बिघडतात ती याच टप्प्यावर, कारण सगळा कागद एका दमात काढायचा मोह होतो.

स्पंजने पाठ भिजवा आणि दोन-तीन मिनिटे थांबा. चित्र कागदातून आरपार दिसू लागले की बोटांच्या पेरांनी हलके गोल गोल चोळा. लगद्याच्या बारीक वळ्या सुटू लागतील. नख नको, घासणी तर नकोच. पहिल्यांदा जाड थर गेला की थांबा, चित्र पूर्ण वाळू द्या, जिथे पांढरे दिसेल तेवढेच पुन्हा भिजवून चोळा. दोन-तीन फेऱ्या लागतातच. सलग चोळत राहिलात तर भिजून मऊ झालेले जेल टोनरसकट उचलले जाते. शेवटी अगदी फिकी झाक उरली तर ती राहू द्या. वरून जेलचा पातळ हात दिला की तंतू त्यात भिजून जवळजवळ दिसेनासे होतात.

प्रश्न : चित्रात पांढरे ठिपके राहिले आहेत.

ठिपके ओळीने, विणीच्या नक्षीत असतील तर कॅनव्हास खडबडीत आहे. खोलगट भागात कागद टेकलाच नाही. पुढच्या वेळी गेसोचे (कॅनव्हासला द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात देऊन, वाळल्यावर बारीक पॉलिशपेपरने घासून घ्या. गोल, विखुरलेले ठिपके म्हणजे हवेचे बुडबुडे. चालू चित्रात अॅक्रिलिक रंग बारीक ब्रशने टिपून डागडुजी करता येते. चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांत ठिपका असेल तर मात्र नवा प्रिंट घेणेच बरे.

प्रश्न : ए4पेक्षा मोठे चित्र करायचे आहे. फोटोतली पाटीही उलटी येऊ नये.

पाटीसाठी छापतानाच चित्र आरशातल्यासारखे उलटे करून घ्या. मोठ्या चित्रासाठी भाग वेगवेगळ्या कागदांवर छापा, पांढरी किनार धारदार कटरने कापा आणि कागद कडेला कड भिडवून लावा. एकावर एक चढवू नका, वरच्याची कड खालच्या कागदावरच चिकटते आणि त्याच्याबरोबर निघून जाते. सांधा आकाशातून किंवा कोऱ्या भिंतीवरून न जाता झाडी, कपड्यांच्या चुण्या अशा गजबजलेल्या भागातून गेला तर कमी दिसतो.

प्रश्न : जेलऐवजी साधा पांढरा गोंद चालेल?

एखादे चित्र उतरते, पण असा गोंद वाळल्यावरही पाण्याने पुन्हा मऊ पडतो, म्हणजे चोळण्याच्या वेळेला नेमका दगा देतो.

प्रश्न : तयार चित्राची निगा कशी राखायची?

शेवटचा जेलचा हात दोन-तीन दिवस वाळल्यावर अॅक्रिलिक वॉर्निशचे दोन पातळ हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. चित्रे तोंडाला तोंड लावून ठेवू नका. उकाड्यात अॅक्रिलिक मऊ होऊन ती चिकटतात आणि सोडवताना पापुद्रा निघतो. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झाडा.