गृहीतक तपासायला प्रयोग नीट कसा आखावा? किती नमुने पुरेसे?

किती ते शेवटी सांगतो. आधी आमच्या दादाचं टॉनिक.

एका खरिपात दादानं दुकानदाराच्या भरवशावर विहिरीजवळच्या काळ्या रानातल्या सोयाबीनवर टॉनिक फवारलं. माळाकडं फवारलं नाही, बाटली संपली म्हणून. विहिरीकडं एकरी दोन क्विंटल जास्त झालं. मग काय, गावभर टॉनिकचा डंका! मी म्हटलं, ते रान दरवर्षीच जास्त देतं. तर म्हणाला, "चार बुकं शिकलास म्हणून शेती मला शिकवतोस?" ते अजून टोचतं.

पुढच्या वर्षी एकाच रानात गुंठ्या-गुंठ्याचे १२ तुकडे पाडले. आईच्या हातून चिठ्ठ्या उचलल्या, ६ तुकड्यांना टॉनिक, ६ ना नुसतं पाणी. तुकडे नजरेनं निवडू नका, हात आपोआप चांगल्या रानाकडं जातो. संख्याशास्त्रज्ञ फिशरसाहेबांनी इंग्लंडातल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या शेतांवर हीच चिठ्ठ्यांची पद्धत रुजवली. पंपही आईनंच भरले, म्हणजे फवारणारा आणि वजन करणारा दोघांनाही कशात काय ते ठाऊक नाही. वाऱ्यानं फवारा शेजारी उडतो, म्हणून कडेच्या ओळी मापात धरल्या नाहीत.

एवढं सगळं केलं आणि एका रात्री एका तुकड्यात रानडुकरं शिरली. त्या तुकड्यात ११ किलोच निघालं. चिठ्ठ्या उघडल्या तर तो नेमका टॉनिकचा! दादा म्हणाला, तो सोडून दे. मी म्हटलं, अजिबात नाही. तो धरला तर टॉनिकची सरासरी १८.७ किलो, सोडला तर २०.२. पाण्याची १९.५. म्हणजे एका तुकड्यावर हार-जीत! आणि नुसत्या पाण्याचेच तुकडे १७ पासून २२ पर्यंत. त्या फरकात टॉनिक कुठं शोधायचं?

चिठ्ठ्या बघून हिशेब बदलणारा माणूस प्रयोग करत नसतो, वकिली करत असतो. हे दादाला तेव्हाच सुनावलं.

आता किती नमुने. फिशरचंच उदाहरण घ्या. एक बाई म्हणाल्या, दूध आधी घातलं की चहा, हे मी चवीवरून ओळखते. ८ कप, त्यातले ४ दूध आधीचे. ४ कप निवडायचे ७० प्रकार, म्हणजे सगळे नुसत्या नशिबानं बरोबर यायची शक्यता ७० त एक. ६ कपांत ३-३ केले तर २० त एक. म्हणजे नमुने कमी, तितका नशिबाला वाव जास्त. शेतातही तेच: जितका फरक बारीक आणि रान जितकं उंच-सखल, तितके तुकडे जास्त. तुमचा विषय सांगितला असता तर आकडा काढता आला असता.

एका हंगामावरून टॉनिक कुचकामी ठरत नाही, हेही खरं. आणि डुकरं काही टॉनिक बघून आली नव्हती. तो तुकडा वगळायलाच हवा होता, फक्त चिठ्ठ्या उघडायच्या आधी. तेव्हा मला सुचलं नाही, नंतर मी हट्टाला पेटलो. हे दादाला अजून सांगितलेलं नाही.

यंदाही बाटली आणलीय त्यानं. फवारणार विहिरीकडंच.