धुऱ्यावरच्या झाडात शेपटी वर उडवणारा, चिमणीहून लहान पक्षी कोणता?

बहुतेक लाल कंठाची माशीमार. पूर्व युरोपाकडून येते, वजन जेमतेम १० ग्रॅम. आमच्या नाल्याकाठी दर हिवाळ्यात दिसते, म्हणून सांगतो: शेपटीकडे बघा. काळी, बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरी, आणि सारखी वर उचललेली. नारिंगी गळा शोधत बसू नका, तो माद्यांना नसतोच (आणि दिसतात जास्त त्याच). सकाळी आंबा-चिंचेच्या सावलीत थांबा. आधी कोरडा 'टर्र्र' ऐकू येतो, मग खालच्या फांदीवरून किड्यावर झेप. मात्र तैगा माशीमारही हिवाळ्यात मध्य भारतात येते आणि जवळपास अशीच दिसते. तिची चोच पूर्ण काळी असते. लाल कंठाच्या माशीमारीच्या खालच्या चोचीचं बूड फिकट. दुर्बिणीशिवाय हा फरक कळणं कठीण.