डोळ्यातल्या सुईची धास्ती

मामा, डोळ्याच्या पडद्याखालच्या रक्तवाहिन्या गळतात म्हणून डोळ्यात इंजेक्शन घ्यायचंय, आणि सुईचं नाव ऐकून झोप उडाली असेल तर आधी हे ऐका: सुई दिसतच नाही. थेंब घालून डोळा बधिर करतात, पापण्या क्लिपने उघड्या धरतात, काम काही सेकंदांचं. मला खरा त्रास होतो तो जंतू मारायच्या तपकिरी औषधाचा. संध्याकाळपर्यंत डोळा चुरचुरतो. बुबुळाशेजारी लाल डाग पडला तर घाबरू नका, आठ-पंधरा दिवसांत जातो. पण दुखणं वाढत गेलं, लाली पसरली, नजर अंधुक झाली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी बेळगाव गाठा. आत जंतुसंसर्ग झाला तर रात्रभर थांबणंही महागात पडतं.

सुरुवातीला बहुधा महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं. मग ओसीटी स्कॅन, म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो, बघून पुढचं अंतर ठरवतात. ‘आता बरं दिसतंय’ म्हणत ऊसतोडीच्या गडबडीत तारीख चुकवाल, तर पडद्याखालच्या नाजूक रक्तवाहिन्या परत गळायला लागतील, आणि गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही.

पैशांचं डॉक्टरांना सरळ विचारा, लाजायचं काय त्यात? या इंजेक्शनात वापरतात त्या औषधांपैकी बेव्हॅसिझुमॅब हे रॅनिबिझुमॅब किंवा अफ्लिबरसेप्टपेक्षा पुष्कळ स्वस्त. मुळात ते कॅन्सरचं औषध, हे वाचून दचकू नका. अलीकडे हार्ट अटॅक किंवा लकवा होऊन गेला असेल तर तेही आधी सांगा.

खानापूरहून येताना सोबत कुणीतरी घ्या. परतताना गाडी तुम्ही चालवायची नाही. घरी रोज एकेक डोळा झाकून चौकटीच्या कागदाकडे बघा, रेघ वाकडी दिसली की फोन. आणि विडी सोडाच, विडी-तंबाखूच्या निपाणीचे पाहुणे रुसले तरी.